‘बिवेमोस’ नव्हे, ‘बिवीमोस’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत स्पॅनिश भाषेच्या क्रियापदांविषयी जो लेख आणि त्यासोबत वर्तमानकाळाच्या रूपांचा जो तक्ता प्रसिद्ध झाला, त्यातील एका चुकीकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तक्त्यात ‘राहणे, जगणे’ या अर्थाच्या ‘बिवीर’ या क्रियापदाचे ‘आम्ही राहतो’ या अर्थाचे रूप ‘बिवेमोस’ असे छापले गेले आहे. स्पॅनिशमध्ये असे रूप नाही; ते ‘बिवीमोस’ असे हवे. एका मात्रेची ही चूक छपाईची म्हणून सोडून देता आली असती, परंतु गेली अनेक वर्षे मी मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवत आहे आणि नेमकी हीच चूक, नेमक्या याच घरात, दरवर्षी वह्यांमध्ये पाहत आले आहे. जी चूक इतकी माणसे एकमेकांना न विचारता करतात तिच्यामागे काही कारण असते, आणि माझ्या मते ते कारण लेखात दिलेल्या सल्ल्यातच आहे. तीन क्रियापदांची प्रत्येकी सहा अशी अठरा रूपे रोज मोठ्याने म्हणून पाठ करावीत आणि त्यांच्यामागचे व्याकरण सुरुवातीला बाजूला ठेवावे, असा तो सल्ला आहे. तो मराठी वाचकासाठी चुकीचा आहे असे मला मनापासून वाटते, कारण या रूपांच्या मागचे व्याकरण मराठी वाचकाने निम्म्याहून अधिक आधीच शिकलेले असते.

प्रथम लेखनाविषयी दोन शब्द. स्पॅनिशमध्ये आरंभीचा ‘ह’ लिहिला जातो पण उच्चारला जात नाही, म्हणून ‘बोलणे’ या अर्थाचे क्रियापद ‘आब्लार’ असे लिहिते. ‘बिवीर’ या शब्दातील ‘ब’ आणि ‘व’ ही दोन्ही व्यंजने स्पॅनिश लिपीत एकाच अक्षराने लिहितात. शब्दाच्या आरंभी ओठ पूर्ण मिटतात, तर दोन स्वरांच्या मध्ये ते पुरते मिटत नाहीत, म्हणून पहिल्या जागी ‘ब’ आणि दुसऱ्या जागी ‘व’ वापरला आहे. स्पॅनिशचे पाचही स्वर आपल्या आ, ए, ई, ओ, ऊ यांच्या अगदी जवळचे आहेत आणि ते कोठेही अस्पष्ट होत नाहीत. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते, कारण या भाषेच्या क्रियापदांचा सारा अर्थ शेवटच्या स्वरात आणि त्याला चिकटलेल्या एखाद्या व्यंजनात साठवलेला असतो. तो स्वर पुटपुटला की कोण बोलतो आहे तेच कळेनासे होते.

आता मूळ मुद्दा. ज्यांनी शाळेत संस्कृत शिकले आहे त्यांना धातू, विकरण आणि प्रत्यय हे तीन शब्द आठवत असतील. ‘पठति’ या रूपात ‘पठ्’ हा धातू म्हणजे क्रियापदाचे मूळ, ‘अ’ हे विकरण म्हणजे मध्ये येणारा जोड आणि ‘ति’ हा प्रत्यय असतो. विकरण कोणते यावरून धातूचा गण, म्हणजे गट, ठरतो. स्पॅनिशची नियमित क्रियापदे याच घडणीची आहेत. मूळ रूपाच्या शेवटी ‘आर’ असेल तर विकरण ‘आ’, ‘एर’ असेल तर ‘ए’ आणि ‘ईर’ असेल तर ‘ई’, असे तीन गण होतात. संस्कृतात दहा गण आहेत, लॅटिनमध्ये चार होते, स्पॅनिशमध्ये तीनच उरले. १४९२ साली सालामांका येथे आन्तोनियो दे नेब्रिहा यांचे स्पॅनिशचे पहिले छापील व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यातही हेच तीन गण सांगितलेले आहेत. पाचशेहून अधिक वर्षे टिकलेली ही व्यवस्था विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगायला हरकत नसावी.

या तिन्ही गणांसाठी पुरुषवाचक प्रत्ययांचा संच एकच आहे. ‘मी’साठी ‘ओ’, ‘तू’साठी ‘स्’, ‘तो’ किंवा ‘ती’साठी काहीच नाही, ‘आम्ही’साठी ‘मोस’, ‘तुम्ही’साठी ‘इस’ आणि ‘ते’साठी ‘न्’. ‘मी’चा ‘ओ’ विकरणाला गिळून टाकतो, म्हणून तिन्ही गणांत ते रूप सारखेच दिसते: आब्लो, कोमो, बीवो, म्हणजे बोलतो, खातो, राहतो. बाकी ठिकाणी धातूनंतर विकरण आणि त्यानंतर प्रत्यय. ‘आब्लार’ची रूपे आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान, ‘कोमेर’ची रूपे कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. अठरा सुट्या गोष्टींऐवजी विद्यार्थ्याला सहा प्रत्यय आणि तीन स्वर लक्षात ठेवायचे आहेत. नवा धातू कोणताही येवो, काम करणे या अर्थाचा ‘त्राबाहार’ असो किंवा शिकणे या अर्थाचा ‘आप्रेंदेर’, रूपे त्याची त्यालाच तयार करता येतात.

तिसऱ्या गणात मात्र एक वळण आहे आणि आपल्या तक्त्यातील चूक तेथेच झाली आहे. नियमाप्रमाणे ‘बिवीर’ची रूपे ‘बीविस’, ‘बीवि’, ‘बीविन’ अशी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ती बीवेस, बीवे, बीवेन अशी होतात, म्हणजे दुसऱ्या गणासारखी. सहापैकी चार रूपांत दुसरा आणि तिसरा गण तंतोतंत सारखे चालतात. त्यामुळे नुसते पाठांतर करणाऱ्याचे कान एकाराला सरावतात आणि ‘कोमेमोस’च्या पाठोपाठ ‘बिवेमोस’ हे रूप जिभेवर आपोआप येते. या चुकीवर बहुतेक पुस्तकांचा उपाय असा, की ‘बिवीमोस’ आणि ‘बिवीस’ हे दोन अपवाद म्हणून लक्षात ठेवा. पण येथे अपवाद नाहीच. सगळा खेळ आघाताचा, म्हणजे उच्चारताना एखाद्या अक्षरावर पडणाऱ्या जोराचा आहे. स्पॅनिशच्या नियमित क्रियापदांत वर्तमानकाळात ‘मी’, ‘तू’, ‘तो’ आणि ‘ते’ या चार रूपांत उच्चाराचा आघात धातूवर पडतो, तर ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ या दोन रूपांत तो विकरणावर सरकतो. तिसऱ्या गणाचे ‘ई’ हे विकरण आघात असेल तेथेच ‘ई’ म्हणून टिकते; आघात निघून गेला की ते दुबळे होऊन ‘ए’ बनते. मूळ रूपात आघात शेवटी आहे, म्हणून ‘बिवीर’. ‘आम्ही’च्या रूपात आघात विकरणावर आहे, म्हणून ‘बिवीमोस’. ‘तुम्ही’च्या रूपात विकरणाचा ‘ई’ आणि प्रत्ययाचा ‘इ’ एकमेकांत मिसळतात, म्हणून ‘बिवीस’. हा एक नियम कळला की लिहिणे या अर्थाच्या ‘एस्क्रिवीर’चे ‘एस्क्रिवीमोस’ आणि उघडणे या अर्थाच्या ‘आब्रीर’चे ‘आब्रीमोस’ होणार हे कोणालाही न विचारता सांगता येते.

आपली लिपी येथे किती उपयोगी पडते तेही पाहावे. स्पॅनिशमध्ये ह्रस्व आणि दीर्घ असा अर्थभेद नाही, परंतु आघाताचा स्वर किंचित लांबतो. म्हणून मी फळ्यावर आघाताचा ‘ई’ दीर्घ आणि बिनआघाताचा ‘इ’ ह्रस्व काढते: बीवो, बीवेस, बीवे, बीवेन, पण बिवीमोस, बिवीस. वेलांटी पहिल्या अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर सरकताना डोळ्यांना दिसते, आणि विद्यार्थी पुन्हा ते विसरत नाहीत. दुर्दैवाने ‘आ’, ‘ए’ आणि ‘ओ’ यांच्या बाबतीत ही सोय देवनागरीत नाही, आणि तेथे सावध राहावे लागते. ‘आब्लो’ हा शब्द पहिल्या अक्षरावर आघात देऊन उच्चारला तर ‘मी बोलतो’ असा अर्थ होतो. तोच शेवटच्या अक्षरावर आघात देऊन उच्चारला तर ‘तो बोलला’ असा होतो. पुरुष बदलतो आणि काळही बदलतो. स्पॅनिश लिपीत दुसऱ्या रूपावर आघाताची रेघ असते. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे देवनागरीत छापलेल्या कोणत्याही तक्त्यात आघाताचे अक्षर ठळक छापणे आवश्यक आहे, आणि आपल्या तक्त्यात तसे केलेले नव्हते.

आघाताचा हा हिशेब नियमित क्रियापदांपुरता राहत नाही, म्हणूनही त्याच्यावर वेळ घालवणे सार्थकी लागते. विचार करणे या अर्थाच्या ‘पेन्सार’मध्ये ‘मी’चे रूप ‘प्येन्सो’ होते, परंतु ‘आम्ही’चे ‘पेन्सामोस’च राहते. धातूतला एकार जेथे आघात सोसतो तेथेच फुटून ‘ये’ होतो. आघात पुढे सरकला की तो पूर्ववत होतो. अशा क्रियापदांना व्याकरणात अनियमित म्हणतात, पण त्यांचे प्रत्यय पूर्णपणे नियमित असतात आणि बदल कोठे होणार हेही आघातच सांगतो. लेखाने अनियमित क्रियापदांची जी भीती घातली आहे ती यामुळे पुष्कळशी कमी होते. असणे, जाणे, करणे यांसारखी अगदी रोजच्या वापरातली काही क्रियापदे खरोखरच वेगळी चालतात आणि ती स्वतंत्रपणे शिकावी लागतात, हे मान्य आहे. परंतु भाषेत नव्याने येणारी क्रियापदे जवळजवळ सगळी पहिल्या गणात, नियमित होऊनच येतात. आपण परक्या शब्दाला ‘करणे’ जोडून ‘स्कॅन करणे’ म्हणतो. स्पॅनिश त्याला आपला प्रत्यय लावून ‘एस्कानेआर’ म्हणते आणि मग एस्कानेओ, एस्कानेआस, एस्कानेआ असे बिनतक्रार चालवते.

मराठी वाचकाला या प्रत्ययांची ओळख आधीच आहे असे मी वर म्हटले, त्याचे कारण आता सांगते. तक्त्यात चुकलेले ‘बिवीर’ हेच क्रियापद घेऊ. त्याचा लॅटिन पूर्वज आणि संस्कृतचा ‘जीव्’ हा धातू एकाच मुळातून आलेले आहेत. संस्कृतची रूपे जीवामि, जीवसि, जीवति, जीवामः, जीवथ, जीवन्ति; लॅटिनची वीवो, वीविस, वीवित, वीविमुस, वीवितिस, वीवुन्त; आणि स्पॅनिशची बीवो, बीवेस, बीवे, बिवीमोस, बिवीस, बीवेन. ‘तू’च्या रूपातला सकार, ‘आम्ही’च्या रूपातला मकार आणि ‘ते’च्या रूपातला नकार तिन्ही ओळींत एकाच जागी उभे आहेत. १७८६ साली कोलकात्यात संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंमधील आणि व्याकरणाच्या रूपांमधील साम्य योगायोगाने घडलेले असणे शक्य नाही असे मत मांडले, त्यात धातू आणि रूपे या दोन्हींचा उल्लेख होता याचे कारण या तीन ओळी वाचताच कळते.

मराठीतही हा वारसा शिल्लक आहे. ‘तू बोलतोस’, ‘तू आहेस’ यांमधला शेवटचा सकार हा जुन्या मराठीतल्या ‘जाणसी’, ‘करिसी’ यांमधल्या ‘सी’चा आणि त्यामागच्या संस्कृत ‘सि’चा वंशज आहे. स्पॅनिश ‘तू आब्लास’मधला सकार लॅटिनमधून आला, दोघांचे मूळ एकच. ‘तू’ हे सर्वनामसुद्धा दोन्ही भाषांत उच्चाराने सारखे आणि अर्थाने सारखे आहे. ‘ते’च्या रूपाची गोष्ट तर मला विशेष प्रिय आहे. मूळ ‘न्ति’मध्ये नकार आणि तकार असे दोन्ही वर्ण होते. मराठीने नकार सोडला आणि तकार ठेवला, म्हणून आपण ‘बोलतात’, ‘आहेत’ म्हणतो. स्पॅनिशने तकार सोडला आणि नकार ठेवला, म्हणून तेथे ‘आब्लान’, ‘बीवेन’ होते. एकाच घरातील वस्तू दोन भावांनी अर्धी अर्धी वाटून घ्यावी तसे हे झाले आहे. वर्गात हे सांगितले की ‘न्’ हा अनेकवचनाचा प्रत्यय पाठ करण्याची गरज उरत नाही. ‘आम्ही’च्या रूपातला मकार मात्र आजच्या मराठी क्रियापदात दिसत नाही, तो संस्कृतच्या आठवणीवरच धरावा लागतो.

ओघात एक गोष्ट नोंदवते. ‘बिवीर’चा लॅटिन पूर्वज ज्या गणात होता तो गणच पुढे नाहीसा झाला आणि त्यातील क्रियापदे उरलेल्या गणांत विखुरली. स्पॅनिशने हे क्रियापद ‘ईर’ गणात घातले, तर शेजारच्या पोर्तुगीजने ते ‘एर’ गणात घातले. म्हणून पोर्तुगीजमध्ये ‘आम्ही राहतो’च्या रूपात खरोखरच एकार येतो. आपल्या तक्त्यातील रूप तेथे चालून गेले असते; स्पॅनिशच्या तक्त्यात ते चालत नाही.

इंग्रजीवरून स्पॅनिश शिकताना वाट लांब होते, हा माझ्या तक्रारीचा दुसरा भाग आहे. लेखातील सर्व स्पष्टीकरणे इंग्रजी पुस्तकाच्या मांडणीवर बेतलेली दिसतात. स्पॅनिशमध्ये सर्वनाम गाळले तरी चालते, ही गोष्ट त्यात आश्चर्य म्हणून सांगितली आहे. ज्या भाषेत ‘कुठे राहतोस?’ आणि ‘येतेस का?’ असे रोज विचारले जाते त्या भाषेच्या माणसाला यात नवल वाटण्यासारखे काय आहे? क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो, म्हणून सर्वनाम फक्त भर देण्यासाठी किंवा दोघांमधला फरक दाखवण्यासाठी येते. दोन्ही भाषांचा स्वभाव एकच. प्रश्न विचारताना वेगळे साहाय्यक क्रियापद लागत नाही, हेही मराठी माणसाला सांगावे लागत नाही. इंग्रजीतून शिकलेला विद्यार्थी मात्र ते साहाय्यक क्रियापद स्पॅनिशमध्ये शोधत बसतो.

काळाच्या वापराचेही असेच आहे. ‘आब्लो’ या एकाच रूपाला इंग्रजीत प्रसंगानुसार वेगवेगळी रूपे लागतात, आणि लेखात त्यांची लांबलचक यादी दिली आहे. मराठीत एकच वाक्यरचना पुरते. ‘मी स्पॅनिश बोलतो’ यात सवय किंवा क्षमता आहे, ‘उद्या त्याच्याशी बोलतो’ यात जवळचा भविष्यकाळ आहे, आणि ‘पाच वर्षांपासून येथे राहतो’ यात भूतकाळात सुरू होऊन अजून चालू असलेली क्रिया आहे. तिन्ही ठिकाणी स्पॅनिशही साधा वर्तमानकाळच वापरते: ‘मान्याना आब्लो कोन एल’ म्हणजे उद्या त्याच्याशी बोलतो, आणि ‘बीवो आकी देस्दे आसे सिंको आन्योस’ म्हणजे पाच वर्षांपासून येथे राहतो. या शेवटच्या वाक्यात इंग्रजीला पूर्ण काळाची रचना करावी लागते आणि इंग्रजीच्या सवयीने विद्यार्थी स्पॅनिशमध्येही ती करू पाहतात. मराठीत विचार करणारा सहज बरोबर बोलतो. घडून गेलेला इतिहास सांगताना वर्तमानकाळ वापरण्याची पद्धतही दोन्ही भाषांत आहे.

आवडणे या अर्थाचे ‘गुस्तार’ हे क्रियापद तर याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. ते पहिल्या गणातले, पूर्णपणे नियमित क्रियापद आहे, तरीही इंग्रजी पुस्तके त्याच्यासाठी स्वतंत्र प्रकरण लिहितात, कारण इंग्रजीत आवडणारी वस्तू कर्म असते आणि माणूस कर्ता. स्पॅनिशमध्ये वस्तू कर्ता असते आणि माणूस ‘ला’ या अर्थाने येतो. ‘मे गुस्ता एल लिब्रो’ म्हणजे मला पुस्तक आवडते. ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ म्हणजे मला पुस्तके आवडतात. वस्तू एक असेल तर ‘गुस्ता’ आणि अनेक असतील तर ‘गुस्तान’, जसे आपले ‘आवडते’ आणि ‘आवडतात’. मराठी वाक्य शब्दाला शब्द ठेवून स्पॅनिश होते, हे पाहिल्यावर विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड येतो त्यासाठी मी दरवर्षी हा धडा थोडा लवकरच घेते. आपल्या लेखात मात्र हे क्रियापद ‘अत्यंत अवघड’ या शीर्षकाखाली ठेवले आहे.

मराठीचा आधार सर्वत्र सुरक्षित आहे असा माझा दावा नाही. दोन ठिकाणी तो चांगलाच दगा देतो आणि ती ठिकाणे लेखात नाहीत. पहिले लिंगाचे. आपले वर्तमानकाळी क्रियापद लिंग दाखवते: मुलगा ‘मी बोलतो’ म्हणतो, मुलगी ‘मी बोलते’ म्हणते. स्पॅनिशच्या विशेषणांत ‘ओ’ पुल्लिंगी आणि ‘आ’ स्त्रीलिंगी असतो, हेही विद्यार्थी पहिल्या आठवड्यात शिकतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या की विद्यार्थिनींना ‘आब्लो’ हे रूप पुरुषांचे वाटू लागते आणि त्या स्वतःविषयी ‘यो आब्ला’ असे म्हणतात, म्हणजे ‘मी’ या सर्वनामापुढे ‘ती’चे क्रियापद ठेवतात. ही चूक मी अनेक वर्षे केवळ विद्यार्थिनींच्या तोंडून ऐकली आहे. स्पॅनिश क्रियापदाच्या वर्तमानकाळी रूपाला लिंग नसते. स्त्री असो वा पुरुष, दोघांचेही ‘मी बोलतो’ हे ‘आब्लो’च असते. हे पहिल्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

दुसरे ठिकाण नकाराचे. मराठीत ‘तू बोलतोस’चा नकार करताना पुरुषाची खूण क्रियापदावरून उठून ‘नाही’वर जाऊन बसते: ‘तू बोलत नाहीस’. स्पॅनिशमध्ये ‘नो’ हा शब्द नुसता क्रियापदाच्या आधी येतो आणि क्रियापद आपले प्रत्यय जसेच्या तसे ठेवते: ‘नो आब्लास’. मराठीच्या सवयीने क्रियापद उघडे टाकून मूळ रूपात वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा लागतो.

आदरार्थी रूपांविषयी लेखात जे लिहिले आहे ते अपुरे आहे. ‘उस्तेद’ म्हणजे ‘तुम्ही’ एवढेच सांगितल्याने विद्यार्थी त्याला द्वितीय पुरुषाचे प्रत्यय लावतात. ‘उस्तेद’ हा शब्द ‘बुएस्त्रा मेर्सेद’ या आदराच्या संबोधनाचा झिजून झालेला आहे. त्याचा अर्थ ‘आपली कृपा’ असा होतो. समोरच्या माणसाला थेट न संबोधता त्याच्या कृपेविषयी बोलायचे, म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी: ‘उस्तेद आब्ला’, आणि अनेकांसाठी ‘उस्तेदेस आब्लान’. ‘महाराज काय म्हणतात?’ असे महाराजांनाच विचारण्याची पद्धत ज्यांच्या भाषेत होती त्यांना ही रचना परकी वाटू नये. बरोबरीच्या अनेकांना उद्देशून ‘बोसोत्रोस’ हे सर्वनाम आणि त्याचा ‘इस’ हा प्रत्यय मुख्यतः स्पेनमध्ये वापरतात; लॅटिन अमेरिकेत तेथेही ‘उस्तेदेस’च चालते. अर्जेंटिना, उरुग्वाय आणि आणखी काही देशांत ‘तू’च्या जागी ‘बोस’ वापरतात आणि त्याची रूपे आब्लास, कोमेस, बिवीस अशी, शेवटच्या अक्षरावर आघात देऊन होतात. आघाताचा नियम माहीत असलेल्याला या ‘बिवीस’मध्ये ‘ई’ का टिकला हे सांगावे लागणार नाही.

सरावाबाबत एकच सूचना करते. तक्ता वरून खाली म्हणण्याची पद्धत मी सोडून दिली, कारण बोलताना रूपे त्या क्रमाने कधीच येत नाहीत. प्रश्न सकाराने येतो आणि उत्तर ओकाराने जाते: ‘दोंदे बीवेस?’ म्हणजे कुठे राहतोस, आणि उत्तर ‘बीवो आकी’, येथे राहतो. अनेकांना विचारले तर प्रश्न ‘बीवेन’ आणि उत्तर ‘बिवीमोस’. रूपे अशा जोड्यांनी तोंडात बसवली की कोणी विचारताच सहा घरांचा तक्ता मनात चाळत बसावे लागत नाही, आणि एक घर चुकल्याने पुढची सगळी चुकत नाहीत. तक्ता लिहून पाहण्यासाठी ठेवावा, बोलण्यासाठी नव्हे.

आपल्या पुरवणीतील तक्ते वाचक कापून वहीत चिकटवतात, हे मी माझ्या विद्यार्थ्यांकडे पाहिले आहे. ज्या तीन वह्यांमध्ये हा तक्ता मला दिसला त्यांत मी स्वतः दुरुस्ती करून दिली. उरलेल्या वाचकांसाठी पुढील अंकात तिसऱ्या गणाची ओळ आघाताचे अक्षर ठळक करून पुन्हा छापावी, अशी विनंती आहे. ती ओळ अशी: बीवो, बीवेस, बीवे, बिवीमोस, बिवीस, बीवेन. पहिल्या तीन आणि शेवटच्या रूपात पहिले अक्षर ठळक असावे, चौथ्या आणि पाचव्या रूपात दुसरे.

आपली नम्र,
एक स्पॅनिश शिक्षिका